बाबांच्या कॅमेऱ्यात आता कोणती फिल्म घालू? सुपर ८ आणि ८ मिमीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची साफसफाई निघाली की मुंबईतल्या माळ्यांवरून ट्रंका खाली येतात आणि त्यांतून हे कॅमेरे निघतात. चामड्याची केस, आत एखादं जुनं बिल, आणि कॅमेरा अजून खडखडत का होईना चालतो. मग पहिला प्रश्न येतो, यात घालू काय? गिरगावातल्या आमच्या चाळीचं अंगण माझ्या बाबांनी ज्या कॅमेऱ्यात टिपलं, तोच मी आज चालवते. त्यामुळे ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे बरेच जण मला हे विचारतात. तीच उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

माझ्या कॅमेऱ्यात कुठली फिल्म बसते, हे कसं ओळखायचं?

दार उघडून आत बघा. चौकोनी प्लॅस्टिकची डबी, म्हणजे कार्ट्रिज, सरकवायची खाच असेल तर तो बहुतेक सुपर ८. कोडॅकने ही पद्धत १९६५ साली आणली. दोन दांडे आणि त्यांवर छोट्या चकत्या असतील तर तो डबल ८, म्हणजे १९३२पासूनचा जुना ८ मिमी. चकती तळहाताएवढी असेल तर १६ मिमी. कॅमेऱ्यावर फुजिका लिहिलं असेल आणि डबीत दोन चकत्या एकावर एक बसत असतील, तर तो सिंगल ८.

यांतली एकही फिल्म दुसऱ्या प्रकारच्या कॅमेऱ्यात जात नाही. सुपर ८ आणि डबल ८ या दोन्ही फिल्म शेवटी ८ मिमीच रुंद असतात, पण त्यांच्या भोकांचा आकार आणि अंतर वेगळं असतं. नुसतं ‘८ मिमी’ एवढं सांगून फिल्म मागवू नका.

घरात जुन्या रिळांवर कोडाक्रोम लिहिलंय. तीच परत मिळेल का?

नाही. हे उत्तर देताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण विचारणाऱ्याने नुकतीच ती जुनी रिळं पाहिलेली असतात आणि त्यातला लाल रंग त्याच्या डोळ्यांसमोर असतो. कोडाक्रोम १९३५ साली १६ मिमीत आली, १९३६ साली ८ मिमीत. अंधारात नीट ठेवलेली कोडाक्रोम रंग सोडत नाही. आमच्या रिळातलं आजीचं हिरवं लुगडं आजही तसंच हिरवं आहे. बाकी कित्येक जुन्या रंगीत फिल्म मात्र गुलाबी पडल्या.

सुपर ८मधली कोडाक्रोम ४० कोडॅकने २००५ साली बंद केली आणि २००९ साली एकूण कोडाक्रोमच थांबवत असल्याचं जाहीर केलं. ती धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्सस राज्यात होती. तिने २०१०च्या डिसेंबर अखेरीस रिळं घेणं थांबवलं.

‘मग घरी नाही का धुता येणार?’ असा पुढचा प्रश्न असतो. इतर रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी द्रव्यं फिल्मच्या थरांतच बसवलेली असतात. कोडाक्रोम मुळात काळी-पांढरी फिल्म. तिचे तिन्ही रंग धुताना, एकेका थरात स्वतंत्रपणे, बाहेरून भरावे लागत. के-१४ नावाची ती प्रक्रिया आणि तिची रसायनं आता कुठेच चालू नाहीत. आज कोडाक्रोम धुतलीच तर फक्त काळी-पांढरी.

म्हणून चोर बाजारात किंवा ऑनलाइन कुणी सीलबंद कोडाक्रोम देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. मी एकदा तीन डबे घेतले होते. एक शूट केला, काळा-पांढरा धुऊन घेतला. राखाडी धुक्यात हलणाऱ्या सावल्या आल्या. त्या दिवशी आत्या अमेरिकेहून आली होती. तो दिवस परत यायचा नाही.

मग कोडाक्रोमच्या सगळ्यात जवळची फिल्म कोणती?

याचं उत्तर देण्याआधी मी उलट विचारते: बघणार कशावर? भिंतीवर प्रोजेक्टर लावून की स्कॅन करून मोबाइल-टीव्हीवर? बहुतेक जण फिल्म आधी घेतात आणि हा विचार नंतर करतात. खरं म्हणजे फिल्मची निवड यानेच ठरते.

प्रोजेक्टर लावणार असाल तर रिव्हर्सल फिल्म हवी. म्हणजे कॅमेऱ्यात गेलेलीच पट्टी धुतल्यावर सरळ चित्र होऊन परत येते, जशी कोडाक्रोम यायची. रंगीत हवी तर कोडॅकची एक्टाक्रोम १००डी. ही २०१२ साली बंद झाली होती, २०१८ साली नव्याने आली. कोडाक्रोमपेक्षा तिचे रंग थंड आहेत, सावल्यांत किंचित निळसर झाक असते, पण आकाश आणि समुद्र सुरेख येतात. काळी-पांढरी हवी तर ट्राय-एक्स.

स्कॅनच करणार असाल तर माझं स्पष्ट मत आहे: कोडॅकची व्हिजन३ ५०डी घ्या. ही निगेटिव्ह आहे. चित्रातला दाणा अतिशय बारीक, आणि प्रकाशाच्या चुका पोटात घालते. आपल्या जुन्या कॅमेऱ्यांचे उजेड मोजणारे लाइट मीटर थकलेले असतात, त्यामुळे हा गुण सगळ्यात मोलाचा. एक्टाक्रोममध्ये अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश गेला तरी पांढरा सदरा नुसता पांढरा डाग होतो. ५०डीमध्ये दीड-दोन स्टॉप जास्त गेला तरी स्कॅनमध्ये सावरता येतो. कमी प्रकाशाची चूक मात्र निगेटिव्हही सावरत नाही, त्यामुळे शंका आली तर लेन्समधलं प्रकाशाचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर थोडं उघडं ठेवा.

पहिलंच कार्ट्रिज असेल, तर प्रोजेक्टर घरात असूनही मी ५०डीच सांगेन.

निगेटिव्ह प्रोजेक्टरवर लावली तर?

नारिंगी पडद्यावर उलटे रंग दिसतील, आणि एकमेव मूळ प्रतीवर चरे पडतील ते वेगळेच. निगेटिव्ह प्रोजेक्टरला लावू नका.

एक कार्ट्रिज किती वेळ चालतं?

सुपर ८ कार्ट्रिजमध्ये ५० फूट, म्हणजे १५ मीटर फिल्म असते. एका फुटात ७२ फ्रेम, एकूण ३६००. सेकंदाला १८ फ्रेमने ३ मिनिटं २० सेकंद, २४ने अडीच मिनिटं. डबल ८ची २५ फुटांची चकती एकदा चालवून उलटी घालायची असते. धुतल्यावर ती मधोमध चिरून ५० फूट होते आणि १६ फ्रेमने चार मिनिटांच्या थोडी वर चालते. हिशोब करताना फिल्म, धुलाई, स्कॅन आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर असं सगळं धरून एका मिनिटाला किती पडलं ते बघा. नुसती फिल्मची किंमत पाहून बेत आखला की धुलाईचे पैसे उरत नाहीत आणि कार्ट्रिज कपाटात राहतं.

कॅमेरा नवी फिल्म ओळखत नाही म्हणतात. नेमकं काय होतं?

सुपर ८ कार्ट्रिजच्या पुढच्या कडेला एक खाच असते. कॅमेऱ्यातली कळ ती चाचपते आणि फिल्म किती वेगवान आहे, म्हणजे तिला किती कमी उजेड पुरतो, ते मीटरला कळवते. साध्या, घरगुती कॅमेऱ्यांना दोनच वेग कळतात, ४० आणि १६०, कारण ते बनले तेव्हा दुकानांत प्रामुख्याने तेवढंच होतं. आता ५०, १००, २००, ५०० अशा फिल्म घातल्या की कॅमेरा त्यातल्या त्यात जवळचं काहीतरी धरतो.

५०डीला ४० धरलं तर एक तृतीयांश स्टॉप जास्त प्रकाश, म्हणजे काहीच बिघडलं नाही. २००टीला १६० धरलं तरी तेवढाच फरक. ५००टीला १६० धरलं तर दीड स्टॉपच्या थोडं वर. निगेटिव्ह आहे, चालून जातं, आणि रात्री शूट करत असाल तर बरंच. अडचण एक्टाक्रोमची. कॅमेऱ्याने तिला ४० धरलं तर सुमारे सव्वा स्टॉप जास्त प्रकाश जातो आणि सगळं फिकं पडतं.

आपला कॅमेरा काय धरतो हे फिल्म वाया न घालवता बघता येतं. मोबाइलवर लाइट मीटरचं अ‍ॅप घ्या. फिल्मचा वेग आणि सेकंदाचा चाळिसावा भाग लावा. १८ फ्रेमला बहुतेक कॅमेऱ्यांचं शटर साधारण तेवढंच उघडं असतं. कार्ट्रिज घालून एकाच रंगाच्या सरळ भिंतीकडे दोन्ही रोखा आणि अ‍ॅपचा एफ आकडा (भोकाचं माप, आकडा मोठा तितकं भोक लहान) व्ह्यूफाइंडरमधल्या काट्याशी ताडून बघा. एका स्टॉपहून जास्त फरक असेल तर अ‍ॅपर्चर हाताने लावा. हाताने लावायची सोयच नसेल तर त्या कॅमेऱ्यात रिव्हर्सल घालू नका.

सूर्य आणि दिवा अशी दोन चित्रं असलेलं बटण आहे. ५०डी उन्हात वापरायची तर सूर्यावर ठेवू ना?

नाही, दिव्यावर ठेवा! या एका चुकीने जितकी रिळं नारिंगी झाली, तितकी दुसऱ्या कशाने झाली नसतील.

कोडाक्रोम ४० मुळात दिव्याच्या पिवळ्या प्रकाशासाठी जुळवलेली होती. उन्हात ती निळी पडू नये म्हणून कॅमेऱ्यातच ८५ क्रमांकाचा नारिंगी फिल्टर बसवलेला असे. सूर्यावर बटण म्हणजे फिल्टर आत, दिव्यावर म्हणजे फिल्टर बाहेर. ५०डी आणि १००डी यांतला ‘डी’ दिवसाच्या उजेडाचा आहे, त्यांना हा फिल्टर नकोच. २००टी आणि ५००टी यांतला ‘टी’ टंगस्टनचा, म्हणून त्या उन्हात वापरायच्या तर बटण सूर्यावर. तेव्हा फिल्टर दोन तृतीयांश स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे २००टी वागते १२५सारखी आणि ५००टी ३२०सारखी.

काही कॅमेऱ्यांत बटण नसतं. तिथे वरच्या खोबणीत एक सपाट चावी घालून फिल्टर हटवतात. चावी बहुतेक वेळा हरवलेलीच असते. तेवढ्याच जाडीची पातळ पट्टी चालते, पण हलक्या हाताने.

मुंबईच्या उन्हाला कोणती?

मे महिन्यात दुपारी जुहूला वाळू आणि पाणी दोन्ही झगमगत असतात. अशा उन्हात ५०डीला १८ फ्रेमवर एफ/१६ ते एफ/२२च्या दरम्यान जावं लागतं, आणि तिथे बहुतेक लेन्स संपतात. म्हणजे ५०डी जेमतेम बसते. ट्राय-एक्स उन्हात २००ची. तिला एफ/३२च्याही पुढे जावं लागेल, म्हणून प्रकाश कमी करणारा राखाडी एनडी फिल्टर हवाच. ५००टी तर दिवसा घराबाहेर काढूच नका. हे कॅमेरे उन्हात २५चा वेग धरून बनवलेले आहेत. हळू फिल्म हीच त्यांची सवय.

सकाळी आठच्या आत आणि साडेपाचनंतर मरीन ड्राइव्हला जो उजेड असतो, तो एक्टाक्रोमसाठी सगळ्यात चांगला.

पावसाळ्यात?

२००टी, फिल्टर लावून. ढगाळ दुपारी चाळीच्या जिन्यात ५०डीला उजेड पुरत नाही. हिंदमाताला पाणी भरलं की कॅमेरा घेऊन जायचा मोह मलाही होतो, पण या कॅमेऱ्यांना पाण्यापासून काहीही संरक्षण नाही. मी खिडकीतूनच घेते.

गिरगाव चौपाटीचं विसर्जन टिपायचंय.

दिवसाची मिरवणूक आणि रात्रीचं विसर्जन हे दोन वेगळे प्रसंग आहेत, दोन कार्ट्रिज घ्या. एकातच भागवायचं असेल तर २००टी. रात्रीसाठी ५००टी, फिल्टर काढून, वेग १८ फ्रेम, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. कॅमेऱ्याच्या नावात ‘एक्सएल’ असेल तर नशीबवान आहात. त्यांची लेन्स एफ/१.२च्या आसपास उघडते आणि शटरही जास्त वेळ उघडं राहतं. साधा एफ/१.८चा कॅमेरा असेल तर मूर्तीवर हॅलोजन पडलेला असतो तिथेच थांबा. काळोखातली गर्दी येणार नाही. झूम करू नका, हात हलतो.

गुलाल उधळला जात असेल तेव्हा कार्ट्रिज बदलू नका. तो दाराच्या फटीतून गेटमध्ये, म्हणजे लेन्समागे फिल्म जिथून सरकते त्या चौकटीत, जातो आणि मग संपूर्ण रिळात कडेला काळे कण नाचतात. आडोशाला जा, पाठ वळवा, जुन्या मऊ टूथब्रशने गेट झाडा, मग नवीन घाला.

डबल ८ कॅमेरा आहे. त्याला काहीच मिळत नाही का?

मिळतं. चेक देशातली फोमा कंपनी फोमापॅन आर१०० नावाची काळी-पांढरी रिव्हर्सल फिल्म डबल ८च्या चकत्यांत बनवते. मला ती फार आवडते. चेहऱ्यांवर मऊ राखाडी छटा येतात आणि जुन्या रिळांच्या शेजारी ठेवली तर परकी वाटत नाही. पण ती रिव्हर्सल म्हणूनच धुवा. तिच्या आत चांदीचा एक थर असतो, तो रिव्हर्सलच्या ब्लीचमध्येच निघतो. साध्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हसारखी धुतली की तो राहतो आणि पट्टी काळपट दिसते. एका लॅबने माझी अशीच धुतली होती. तेव्हापासून डबीवर मी मार्करने ‘रिव्हर्सल’ असं मोठ्या अक्षरांत लिहिते.

एक सापळा सांगून ठेवते. डबल ८ फिल्म १६ मिमीच रुंद असते, म्हणून कुणी म्हणतं, स्वस्तात १६ मिमीची फिल्म घेऊन चकतीवर गुंडाळू. १६ मिमीला फुटाला ४० भोकं, डबल ८ला ८०. कॅमेऱ्याचा पंजा निम्म्या वेळा भोकाऐवजी फिल्मवर पडतो आणि फिल्म फाटते.

धुलाई मुंबईत होते का? घरी जमेल का?

फिल्म मागवण्याआधी लॅबला फोन करून तीन गोष्टी विचारा: सुपर ८ची रुंदी घेता का, ही विशिष्ट प्रक्रिया करता का, आणि पुढची बॅच कधी. व्हिजन३ला ईसीएन-२ लागते, एक्टाक्रोमला ई-६. स्टिल फोटोच्या लॅबमध्ये ३५ मिमीचे रोल धुतले जातात, म्हणून ते सुपर ८ही घेतील असं नाही. शिवाय आजवर विकल्या गेलेल्या बहुतेक व्हिजन३वर पाठीमागे रेमजेट नावाचा काळा कार्बनचा थर असतो. तो आधी काढावा लागतो, नाहीतर साध्या मशिनची रसायनं खराब होतात. इथे सोय झाली नाही तर परदेशी लॅबकडे पाठवणं हाच मार्ग.

काळी-पांढरी घरी जमते. मी रशियन लोमो टाकी वापरते. तिच्या चक्राकार खाचांत १५ मीटर पट्टी बसते. ती काळोखात चढवायला शिकण्यात माझी एक वाया गेलेली पट्टी आणि बरेच रविवार गेले. पहिला डेव्हलपर, धुणं, परमँगनेटचं ब्लीच, क्लिअरिंग, मग दिव्याखाली धरणं, दुसरा डेव्हलपर, फिक्सर असा क्रम.

आपल्याकडची खरी अडचण पाण्याची. ही रसायनं २० अंशांना धरून बनवलेली आहेत आणि एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशी केव्हाच ओलांडतं. गरम पाण्यात फिल्मवरचा थर फुगतो, परमँगनेट त्याला आणखी मऊ करतं, आणि मग नख लागलं तरी चित्र सोलून निघतं. मी जानेवारीत पहाटे धुते. इतर महिन्यांत आदल्या रात्री बाटल्या फ्रिजमध्ये ठेवते आणि परातीत बर्फाचं पाणी घेऊन टाकी त्यात बसवते. बर्फ रसायनात टाकायचा नाही, प्रमाण बिघडतं. परातीतही तो पिशवीत बांधून ठेवते, म्हणजे पाणी वाढून टाकीत शिरत नाही. फिक्सरपर्यंत सगळं पाणी एकाच तापमानाचं ठेवा. थंडातून एकदम गरमात गेली की फिल्मला जाळीसारख्या सुरकुत्या पडतात.

वाळवायला दोरी हॉलभर बांधावी लागते. पावसाळ्यात हे करू नका. पट्टी दोन-दोन दिवस ओलसर राहते, धूळ चिकटते आणि बुरशी धरते.

फिल्म मुंबईत कुठे मिळेल?

फोर्टातल्या बोरा बाजारात विचारा, तिथली कॅमेऱ्यांची दुकानं मागवून देऊ शकतात. मला ताजं कार्ट्रिज तिथे हातोहात मिळालेलं नाही. चार-पाच जणांनी मिळून बाहेरून मागवलं तर कुरिअर वाटून जातं. सीमाशुल्क लागतं, ते आधीच हिशोबात धरा. कुणी परदेशातून येत असेल तर फिल्म हातातल्या बॅगेत आणायला सांगा, सामानात टाकायची नाही. विमानतळावर बॅग सीटी स्कॅनरमधून जाणार असेल तर फिल्म बाहेर काढून हाताने तपासायची विनंती करायलाही सांगा. शूट झालेली पण न धुतलेली फिल्म तर अजिबात त्या यंत्रात जाऊ देऊ नका.

मुदत संपलेली फिल्म स्वस्तात मिळतेय.

फ्रिजमध्ये ठेवलेली निगेटिव्ह, दोन-तीन वर्षं उलटलेली, सरावासाठी ठीक. मुंबईत कपाटात पाच पावसाळे काढलेली असेल तर फुकटही नको, कारण धुलाई फुकट होत नाही.

ताजी फिल्म घरी आणली की हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये. वापरायच्या दोन-तीन तास आधी बाहेर काढा आणि तोपर्यंत पाकीट फोडू नका. लगेच फोडलं तर आपल्या दमट हवेत गार फिल्मवर पाणी धरतं.

सिंगल ८साठी?

फुजीने तिची फिल्म बंद केली आहे. पट्टीची भोकं सुपर ८सारखीच असल्याने काही हौशी लोक जुन्या डब्या पुन्हा भरतात. नवशिक्याने यात पडू नये.

आवाजाची कार्ट्रिज?

आता बनत नाहीत. आवाजाच्या कॅमेऱ्यात साधं मूक कार्ट्रिज बसतं. मूक कॅमेऱ्यात आवाजाचं कार्ट्रिज बसत नाही.

मोटर फिरते, पण मीटरचा काटा हलत नाही.

मोटरचे पेन्सिल सेल वेगळे आणि मीटरचे बटन सेल वेगळे, असं बऱ्याच कॅमेऱ्यांत असतं. मीटरचा सेल बहुधा पीएक्स ६२५, १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा, जो आता मिळत नाही. त्याच आकाराचा दीड व्होल्टचा अल्कलाइन घातला तर काटा चालतो, पण चुकीचा आकडा दाखवू शकतो. कानाच्या मशिनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो आणि कुठल्याही मोठ्या केमिस्टकडे मिळतो. आकाराने लहान आहे, भोवती रबरी वायसर बसवा. दीड-दोन महिन्यांत संपतो, म्हणून शूटच्या दिवशीच स्टिकर काढा.

पहिलं कार्ट्रिज नेमकं कसं वापरू?

लग्न, मुंज, बारसं यांत नाही. एखाद्या साध्या रविवारी घ्या. एका वहीत प्रत्येक शॉटचा क्रम, एफ आकडा आणि उजेड लिहा. एकच दृश्य आधी मीटर सांगेल तसं, मग एक स्टॉप उघडं, मग एक स्टॉप बंद असं तीनदा, प्रत्येकी पाच सेकंद घ्या. उन्हात, सावलीत आणि खिडकीजवळ घरात. एवढ्याला पाऊण मिनिट जातं. उरलेल्या अडीच मिनिटांत घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला घ्या, खिडकीशी बसवून, आणि त्यांना कॅमेऱ्याकडे बघायला सांगू नका. कॅमेरा हातात धरून शॉट दहा सेकंदांपेक्षा मोठा करू नका. कार्ट्रिज संपलं की उघड्या पट्टीवर इंग्रजीत ‘एक्स्पोज्ड’ छापलेलं दिसतं. ते दिसेपर्यंत बाहेर काढू नका. मग तारीख, फिल्मचं नाव आणि कॅमेऱ्याचं नाव डबीवर लिहून त्याच आठवड्यात धुवायला टाका.